आमच्या गल्लीचे नियम

चल्लस आठचा पट मांडायला फारसं काही लागत नाही. खडूचा तुकडा, नाहीतर विझलेला कोळसा. फरशीवर पाच बाय पाच घरं आखायची, चारी बाजूंच्या मधल्या घरांत आणि अगदी मधोमध फुल्ली मारायची. एका बाजूनं दगडावर घासून पांढरे केलेले चार चिंचोके हातात घोळवून फेकायचे. जेवढे पांढरे वर येतील तेवढी घरं चालायची. चारही पांढरे आले तर चल्लस, म्हणजे चार. एकही पांढरा आला नाही तर आठ. चल्लस किंवा आठ पडलं की आणखी एकदा फेकायला मिळतं. सोंगट्या म्हणून बांगड्यांचे तुकडे, खडे, शेंगदाणे, हाताला लागेल ते. बाहेरची 16 घरं फिरून आत शिरायचं, आतली 8 घरं उलट्या दिशेनं फिरायची आणि मधल्या घरात पोचायचं. मात्र आत शिरण्याआधी समोरच्याची एक तरी सोंगटी मारलेली पाहिजे, नाहीतर बाहेरच घिरट्या. मिरजेपुढे कर्नाटकात याच जातीच्या खेळाला चौकाबारा म्हणतात, तेलुगू मुलखात अष्टाचम्मा.

हा खेळ मी मोबाइलसाठी लिहायला घेतला. दिवसा मी कराडातल्या एका पतसंस्थेचे संगणक सांभाळतो. रात्री जेवणं उरकली की लॅपटॉप उघडतो आणि खेळ बनवतो, विकण्यासाठी म्हणून नाही, हौस म्हणून. पहिला कोड एआयकडून लिहून घेतला. मागितल्याबरोबर पट आला, सोंगट्या आल्या, पाळी बदलू लागली. हे सगळं हातानं लिहायला मला काही आठवडे लागले असते. पण खेळायला बसलो तर एकच गडी फेकत राहायचा, दुसऱ्याची पाळीच येईना. कोड उघडून बघितल्यावर उलगडा झाला. 1, 2, 3, 4 आणि 8 या पाच आकड्यांपैकी कोणताही आकडा सारख्याच शक्यतेनं पडावा, असं यंत्रानं लिहिलं होतं.

चिंचोके असे पडत नाहीत. चार चिंचोक्यांच्या उलटसुलट मिळून 16 मांडण्या होतात. त्यांतली एक चल्लसची, एक आठची. दोनच्या सहा, एक आणि तीनच्या चार-चार. म्हणजे शंभर फेकींत जादा फेक मिळायची साडेबारा वेळा. यंत्राच्या हिशेबात ती चाळीस वेळा मिळत होती. एवढ्या एका ओळीनं खेळाचा जीवच गेला होता. चल्लस पडल्यावर ओट्यावर जो ओरडा होतो, तो ते दुर्मीळ असतं म्हणून होतो.

दुरुस्ती सोपी होती, ती केली. मग शेजारच्या आज्जींना दाखवायला गेलो. सोमवार पेठेतल्या आमच्या गल्लीत चल्लस आठचा शेवटचा शब्द त्यांचा. त्यांनी दोन डाव बघितले आणि म्हणाल्या, "आरं, ह्यात आठ लय पडतंय. आमच्या चिंचोक्यांला आठ सहजी पडत न्हाई." मी त्यांचेच चिंचोके मागून घरी नेले आणि वहीची पानं भरेपर्यंत फेकून नोंदी केल्या. आज्जी बरोबर होत्या. घासलेला चिंचोका म्हणजे नाणं नव्हे. एक बाजू सपाट, दुसरी फुगीर, त्यामुळे पांढरी बाजू वर येण्याकडे त्याचा कल असतो. प्रत्येक चिंचोका शंभरातून साठ वेळा पांढरा पडतो असं धरलं, तर चल्लस शंभरात तेरा वेळा पडतं आणि आठ जेमतेम अडीच वेळा. दोघांत पाचपट अंतर! खेळात आठला जो मान आहे त्याचं गणित चिंचोक्याच्या पोटात होतं, आणि ते गल्लीतल्या प्रत्येक म्हातारीला बोटांनी ठाऊक होतं.

यंत्राला ते ठाऊक नव्हतं, कारण कुणी ते कधी लिहूनच ठेवलं नव्हतं. एआय जे शिकतं ते लिहिलेल्यातून शिकतं. इंग्रजीत भरपूर लिहिलेलं आहे, मराठीत त्या मानानं थोडं, आणि सातारा-सांगलीच्या ओट्यावरचं तर जवळजवळ नाहीच. त्याला चल्लस आठचे नियम विचारले की ते आत्मविश्वासानं नियम सांगतं. त्यांत थोडं अष्टाचम्मा असतं, थोडा ल्युडो असतो, आणि ते कोणत्याच एका गावचे नसतात. आमच्याकडे लागोपाठ तीन आठ पडले तर तिन्ही जळतात. तासगावकडून लग्न होऊन आलेल्या एका वहिनींकडे जळत नाहीत. उलट तीन सोंगट्या एकदम चालवता येतात. एका कुटुंबात दोन सोंगट्या पटाच्या एकाच घरात आल्या की जोडी होते आणि जोडीला जोडीच मारू शकते. दुसऱ्या कुटुंबात जोडी हा प्रकारच नाही. कुणाचं खरं? सगळ्यांचंच. माझ्या खेळात आता सुरुवातीला एक पाटी येते: कुणाच्या घरचे नियम लावायचे? घर निवडलं की पुढचा सगळा डाव त्या घरचा होतो. हौशी माणसानं खेळ का बनवावा, असं मला कुणी विचारलं तर मी ही पाटी दाखवीन. एखाद्या मोठ्या कंपनीला चार घरांचे चार नियम सांभाळणं परवडणार नाही. मला परवडतं, कारण मला कुणाला हिशेब द्यायचा नाही.

ज्या साधनानं हे बनवतो ते गोडो नावाचं इंजिन. अर्जेंटिनातल्या हुआन लिनिएत्स्की आणि एरिएल मानझूर या दोघांनी ते लिहिलं आणि 2014 साली सर्वांसाठी खुलं केलं. फुकट आहे, कोडही उघडा आहे. 2023 च्या सप्टेंबरात युनिटी या मोठ्या व्यावसायिक इंजिनानं खेळ जितक्यांदा उतरवला जाईल त्या हिशेबानं पैसे आकारायचं जाहीर केलं, तेव्हा जगभरचे हौशी लोक गोडोकडे वळले. युनिटीनं वर्षभरात ती आकारणी मागे घेतली, पण आलेली माणसं बरीचशी इथेच राहिली. मराठी माणसासाठी त्या वर्षीची दुसरी बातमी जास्त मोलाची होती. मार्च 2023 मध्ये गोडोची चौथी आवृत्ती आली आणि तिच्यात देवनागरी नीट दिसू लागली. त्याआधी जोडाक्षरं फुटायची, 'मि' लिहिलं तर वेलांटी म च्या पुढे जाऊन बसायची. मराठी शब्द पडद्यावर हवा असेल तर त्याचं चित्र करून चिकटवावं लागे. आज 'जळलं!' ही अक्षरं सरळ टंकता येतात. ज्यानं आधीची कसरत केली आहे त्यालाच या सुखाची किंमत कळेल.

धंदा म्हणून खेळ बनवणारी मराठी मुलखातली माणसं माझ्या आदराची आहेत. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं 'राजी' हा खेळ 2020 साली जगभरच्या कन्सोलवर आणि संगणकावर आणला. सर्कशीत कसरती करणारी एक मुलगी असुरांनी पळवलेल्या धाकट्या भावाला शोधायला निघते, दुर्गा आणि विष्णू तिच्याबद्दल बोलत असतात, आणि कथेचे दुवे सावल्यांच्या बाहुल्यांतून उलगडतात. लोकवर्गणीची मोहीम फसल्यावरही त्या छोट्या चमूनं काम सोडलं नाही. तेवढी जोखीम माझ्यासारख्याच्या अंगावर नाही. आमची जात वेगळी, आणि तिचे मूळपुरुष मला देवळालीत सापडतात.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. नाशिकजवळ देवळालीच्या शाळेत मास्तर होते, 1962 साली निवृत्त झाले. संख्यांशी खेळणं हा त्यांचा नाद. चार आकडी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं मांडून त्यांतून चढत्या क्रमानं मांडलेले वजा करा, आणि उत्तरावर पुन्हा तेच करा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत 6174 येतं आणि मग तिथून हलत नाही. कराडचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झालं ते साल घेऊ, 1960. त्यातून 9441, मग 7992, 7173, 6354, 3087, 8352 आणि सातव्या पायरीला 6174. काही गणितज्ञ या उद्योगाला पोरखेळ म्हणत. 1975 मध्ये अमेरिकेच्या मार्टिन गार्डनरनं आपल्या 'मॅथेमॅटिकल गेम्स' या सदरात कापरेकरांवर लिहिलं आणि मास्तर जगाला माहीत झाले. गार्डनर स्वतःही गणिताची पदवी नसलेला हौशी माणूस. त्याचं सदर वाचून किती जण गणिताकडे वळले असतील!

याच गार्डनरनं 1962 साली एक खेळ दिला होता, तो मी गल्लीतल्या पोरांना घेऊन केला. तीन बाय तीनचा पट, दोन्हीकडे तीन-तीन प्यादी. त्याला लागतात 24 काडेपेट्या आणि रंगीत मणी. पटाच्या प्रत्येक स्थितीला एक पेटी, पेटीत प्रत्येक शक्य चालीचा एक मणी. काडेपेट्यांच्या या यंत्राची पाळी आली की त्या स्थितीची पेटी हलवून डोळे झाकून मणी काढायचा आणि ती चाल खेळायची. यंत्र हरलं की शेवटचा मणी काढून टाकायचा. बस. ना वीज, ना पडदा. सुरुवातीला काडेपेट्या मूर्खासारख्या हरतात. संध्याकाळ सरता सरता त्या हरायच्या थांबतात. मूळ कल्पना ब्रिटनच्या डोनाल्ड मिचीची. त्यानं 1961 मध्ये फुल्ली-गोळ्यासाठी 304 काडेपेट्यांचं असंच यंत्र केलं होतं.

काडेपेट्या शहाण्या झाल्यावर आठवीतल्या एका मुलीनं विचारलं, "काका, ह्यात बुद्धी कुठल्या पेटीत हाय?" एआयवर मी जेवढं वाचलं आहे त्यात याहून नेमका प्रश्न मला भेटलेला नाही. आम्ही मिळून पेट्या उघडल्या. कुठल्याच पेटीत काही नव्हतं, फक्त काही मणी कमी झाले होते. आज ज्या यंत्रांशी आपण मराठीत बोलतो त्यांत पेट्यांऐवजी अब्जावधी आकडे असतात, ते पुसून टाकण्याऐवजी किंचित वरखाली केले जातात, आणि त्यांना हरवणारा समोर माणूस नसतो, मजकुराचा डोंगर असतो. तरी चुकलं की बदल, जमलं की राखून ठेव, हे सूत्र तेच. ज्या मुलांनी स्वतःच्या हातानं मणी काढले ती या यंत्रांना देव मानणार नाहीत आणि भूतही मानणार नाहीत. शाळांत संगणकाच्या तासाला काडेपेट्या आल्या पाहिजेत, असं मला मनापासून वाटतं.

मणी काढून शिकणाऱ्या यंत्रांची पुढची पिढी फासे टाकणाऱ्या खेळांत आली. आयबीएमच्या जेराल्ड टेसॉरोनं 1992 मध्ये बॅकगॅमन खेळणारा प्रोग्रॅम लिहिला, तो स्वतःशीच खेळत शिकला आणि पट्टीच्या खेळाडूंच्या बरोबरीला आला. त्याच्या काही सुरुवातीच्या चाली माणसांना चुकीच्या वाटल्या होत्या. नंतर माणसांनीच त्या उचलल्या. मलाही चल्लस आठसाठी असा गडी हवा होता. पुढच्या प्रत्येक फेकीची शक्यता मोजून सर्वांत फायद्याची चाल निवडणारा गडी एआयच्या मदतीनं मी दोन-तीन रात्रींत उभा केला. नशिबाचा खेळ असल्यानं तो दरवेळी जिंकत नसे, पण मारायची संधी एकदाही सोडत नसे. शेजारच्या आज्जींचा सहा वर्षांचा नातू त्याच्याशी खेळला, चार वेळा सोंगटी मेली, आणि मोबाइल माझ्या मांडीवर टाकून निघून गेला.

मग मी आज्जी नातवाशी कशा खेळतात ते बघत बसलो. बरोबरीच्या बायकांशी खेळताना आज्जी दयामाया दाखवत नाहीत. नातवाशी खेळताना त्यांची सोंगटी मारायच्या अंतरावर येऊन थांबते आणि दुसरी चालते. पण त्या हरत नाहीत, निदान हरल्यासारख्या दिसत नाहीत. डाव शेवटपर्यंत अटीतटीचा ठेवतात. मी यंत्राला सांगितलं की सोपा गडी लिही. त्यानं दर काही चालींनंतर मुद्दाम चुकीची चाल खेळणारा गडी दिला. पोरानं ते लगेच ओळखलं: "हा येडाय!" पोरांना हरवून घेतलेलं आवडत नाही, संधी मिळालेली आवडते. आता माझा गडी आधी चांगल्या चालींची यादी करतो, आणि त्या चांगल्या चालींतली जी समोरच्या लहान्याला जिवंत ठेवते ती निवडतो. कोडमध्ये त्या आकड्याला मी 'माया' असं नाव दिलं आहे. माया शून्य केली की आज्जींच्या मैत्रिणींसाठीचा गडी तयार.

हा शोध माझा नव्हे. 1980 साली जपानच्या तोरू इवातानीच्या पॅकमॅनमध्ये चार भुतं होती. एक थेट मागे लागे, एक तुम्ही जिथे पोचणार त्या जागेकडे धावे, बाकी दोघांच्या तऱ्हा आणखी वेगळ्या. मधूनमधून चौघं पाठलाग सोडून आपापल्या कोपऱ्याकडे जात, म्हणजे खेळणाऱ्याला श्वास घेता येई. ती उसंत बनवणाऱ्यानं समजून-उमजून दिलेली होती. समोरच्याला किती पिळायचं आणि कुठे सोडायचं, हे ठरवायला समोरचा डोळ्यांपुढे असावा लागतो. चाली मोजायचं काम मी यंत्राकडे सोपवतो. हे ठरवायचं काम सोपवत नाही.

'गेम' हा शब्द आमच्याकडे घरात उच्चारायची सोय राहिली नव्हती, त्यालाही कारण आहे. मोबाइलवर रमी आणि पैशांच्या पैजा लावून कर्जात बुडालेली तरुण पोरं आसपास होती. पतसंस्थेत बसून हे फार जवळून दिसतं. ऑगस्ट 2025 मध्ये केंद्रानं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. कायद्याचं स्वागत आहे. पण ज्या मुलानं चल्लसची शक्यता स्वतः मोजली आहे, 'थोडक्यात हुकलं' असं वाटायला लावणारा पडदा स्वतः बनवून पाहिला आहे, त्याला त्या सापळ्याची दोरी दिसते. म्हणून गल्लीतल्या मुलांना खेळ बनवायला शिकवतो म्हटल्यावर ज्या आया सुरुवातीला नाराज होत्या, त्यांना मी सोडत काढणारा चार ओळींचा कोड चालवून दाखवला. हजार वेळा बटण दाबल्यावर पैसे कुणाकडे गेले ते पडद्यावर आलं. पुढच्या रविवारी दोघींनी मुलींनाही पाठवलं.

मुलांनीच दुसरा खेळ काढला. कराडच्या पोरांना पावसाळ्यात टीएमसी आणि क्युसेक ही पाण्याची मापं शिकवावी लागत नाहीत. कोयना धरणात किती टीएमसी झालं, पायथा वीजगृहातून 2,100 क्युसेक सुटतंय की सहा वक्र दरवाजे उचललेत, हे चहाबरोबर घराघरांत बोललं जातं. 2019 आणि 2021 चे पूर या मुलांनी पाहिले आहेत. त्यांना हवा होता धरणाचा खेळ: आपण धरण चालवायचं.

पहिली आवृत्ती एआयनं तासाभरात दिली, दिसायला झकास. पाणी वाढतं, दरवाजा उघडा, धरण वाचवा, गुण मिळवा. विद्यानगरात राहणाऱ्या अभियांत्रिकीच्या दोन विद्यार्थ्यांनी ती बघितली आणि त्यांना ती पटली नाही. दरवाजे लवकर उघडणाराच दरवेळी जिंकत होता. कोयनेचं खरं कोडं असं नाही. धरणाची साठवण 105.25 टीएमसी. त्यातलं पाणी पश्चिमेला वळवून सह्याद्रीखाली पोफळीच्या बाजूला वीज होते, एकूण क्षमता 1,960 मेगावॅट; पण कृष्णा लवादानं त्या वळवण्याला वर्षाला 67.5 टीएमसीची मर्यादा घातली आहे. पूर्वेला सोडलेल्या पाण्यावर उन्हाळ्यात ऊस जगतो. ऑगस्टमध्ये धरण रिकामं ठेवलं आणि पाऊस थांबला तर पुढचं वर्ष कोरडं. भरून ठेवलं आणि पाऊस कोसळला तर खाली पूर. त्यातून प्रीतिसंगमाची रचना: कृष्णा आणि कोयना इथे समोरासमोर येऊन भेटतात आणि मग पूर्वेला वळतात. कोयनेचा लोट मोठा असला की संगमावर कृष्णेचं पाणी तुंबतं. म्हणजे कृष्णेला किती पाणी आहे ते न बघता कोयनेचा दरवाजा उचलणारा माणूस धरण वाचवून कराडला बुडवू शकतो. यंत्राच्या आवृत्तीत कृष्णा नव्हतीच.

आता तीन गडी लागतात. एकाकडे वीज, एकाकडे शेती, एकाकडे नदीकाठ. पाऊस पत्त्यांतून येतो. दरवाजा उचलायला तिघांचं एकमत लागतं, आणि एकमत न झाल्यास पुढचा पत्ता उघडतो. कोड बराचसा एआयनं लिहिला, मी तपासला, विद्यार्थ्यांनी पाण्याचा हिशेब मांडला. दर शनिवारी मुलं खेळतात आणि दर शनिवारी नियमावरून भांडण होतं. नदीकाठवाला गडी नेहमी 'आत्ताच सोडा' म्हणतो, आणि शेतीवाला मार्चची आठवण करून देतो. वारुंजीच्या एका मुलानं, ज्याच्या घरात 2019 ला पाणी शिरलं होतं, एक नियम सुचवला: पाणी सोडायच्या आधीच्या पाळीत तसं मोठ्यानं जाहीर करावं लागेल, न सांगता दरवाजा उघडला तर दुप्पट नुकसान. हा नियम कोणत्याही यंत्रानं मला सुचवला नसता, आणि खेळातला सगळ्यांत चांगला नियम तोच ठरला. आता डाव भोंग्यानं सुरू होतो.

एआयमुळे माझ्या रात्री वाचल्या हे मी मोकळेपणानं सांगतो. पतसंस्थेच्या वार्षिक सभेच्या नोटिशीचा कच्चा मसुदा ते करतं, आईच्या गोळ्यांच्या पाकिटावरचं इंग्रजी सोपं करून सांगतं. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या परिसरात उपग्रह आणि जमिनीतल्या संवेदकांच्या आधारे उसाला पाणी किती द्यायचं हे सांगणाऱ्या प्रयोगाबद्दल इथले शेतकरी आवर्जून विचारतात, आणि कराड तालुक्यात ऊस म्हणजे घराचं वर्ष असल्यानं ते विचारणारच. वाचलेला वेळ कुठे घालवायचा हे मात्र ज्याचं त्यानं ठरवायचं आहे. माझा ओट्यावर जातो.

सध्या दोन कामं हातात आहेत. चल्लस आठमध्ये नियमांच्या पाटीवर आमची गल्ली आणि तासगाव ही दोन घरं भरली आहेत. पाटण आणि वाळव्याची जागा रिकामी आहे, तिथल्या जाणत्या बायका शोधतो आहे. आणि आज्जींचा आवाज हवा आहे. तयार मराठी आवाज 'आठ' असं बातम्यांसारखं म्हणतो. आज्जी ते म्हणतात तेव्हा मागे अख्खी गल्ली उभी राहते. त्यांनी रेकॉर्डिंगला होकार दिला आहे, पण एका अटीवर: लागोपाठ तीन आठ जळतात, हा नियम तासगावच्या घरालाही लावायचा. तासगावच्या वहिनी याला तयार नाहीत. येत्या शनिवारी दोघी समोरासमोर बसणार आहेत, खऱ्या चिंचोक्यांनी.